पाइपाच्या आतली बाजू

[दृश्य : कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी, पावसाळी सकाळ. पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या.]

सकाळचे साडेसहा. बाहेर रिपरिप चालू आहे, हायवेवर ट्रकांची रांग आहे, आणि या शेडमध्ये एक माणूस गेली वीस मिनिटं पाइपाचं तोंड घासत बसलाय. वेल्डिंगच्या परीक्षेची तयारी बघायला म्हणून आम्ही आलो, आणि पहिल्या दिवशी शूटिंग झालं ते नुसतं घासण्याचं. आमचा कॅमेरामन वैतागला. मास्तर म्हणाले, "अर्धं वेल्डिंग ह्येच हाय. घ्या काय घ्यायचं त्ये."

घासणारा गडी पस्तिशीचा. सोळा वर्षं उद्यमनगरात उसाच्या ट्रॉल्या जोडल्या. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तुमच्या गाडीपुढं आला असेल आणि तुम्ही मागून हॉर्न वाजवत शिव्या दिल्या असतील, तर त्यातली एखादी ट्रॉली याच्या हातची असू शकते. जोड कधी सुटला नाही. म्हणजे वेल्डिंग येतं का, हा प्रश्नच नाही. तरी हा पुन्हा शिकतोय.

कारण साखर कारखाना. उन्हाळ्यात गाळप संपलं, की बॉयलर उघडतात. झिजलेल्या ट्यूब काढायच्या, नव्या जोडायच्या आणि पुढचा हंगाम लागायच्या आत पुन्हा वाफ धरायची. काम चांगलं, पैसाही बरा. पण वाफेच्या दाबाखालचा जोड कुणीही मारायचा नसतो. त्याला १९५० सालचे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स लागू आहेत. त्या नियमांप्रमाणे परीक्षा पास झालेल्या वेल्डरनंच तो जोड करायचा. कंत्राटदार आधी कागद मागतो, हात नंतर बघतो.

[दृश्य : भिंतीवर खडूनं काढलेल्या आकृत्या.]

आता हा कागद म्हणजे काय, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. कळंब्याच्या रस्त्यावर आपली सरकारी आयटीआय आहे, दरवर्षी पोरं तिथून बाहेर पडतात. त्या प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की हा धंदा शिकलाय. वेल्डर क्वालिफिकेशनचा कागद जास्त खडूस. हा माणूस, ही पद्धत, ही पोझिशन, एवढी जाडी, एवढंच तो बोलतो. त्यापलीकडं गप्प. आर्कवर, म्हणजे रॉड जाळत जोडायच्या पद्धतीवर, पास झालात म्हणून टिग, म्हणजे टॉर्च एका हातात आणि तार दुसऱ्या हातानं द्यायची पद्धत, करता येणार नाही. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडच्या नवव्या भागाप्रमाणे बघितलं, तर परीक्षेत तुम्ही जेवढं जाड वेल्ड टाकाल, साधारण त्याच्या दुपटीपर्यंत तुम्हाला मुभा. १३ मिलिमीटर गाठले आणि थर किमान तीन असले, तर जाडीचं बंधन उठतं. आणि सलग सहा महिने त्या पद्धतीनं काम केलं नाही, तर कागद रद्दी. गाडीच्या लायसनला असा नियम लावला, तर राजारामपुरीतले निम्मे लोक चालत जातील.

पोझिशनला आकडे आहेत. वन-जी म्हणजे जॉब आडवा, वरून मारायचं, सगळ्यात सोपं. थ्री-जी उभं. फोर-जी डोक्यावर, म्हणजे ठिणग्या थेट कॉलरमध्ये. आणि सिक्स-जी. यात पाइप ४५ अंशांत तिरका आवळतात आणि नंतर तो फिरवायचा नाही. पाइप जागेवर, वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. कधी गुडघ्यावर, कधी मान वाकडी करून, कधी भिंतीला टेकून. सिक्स-जी पास झाला, की बाकीच्या पोझिशन त्यातच येतात, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर.

[दृश्य : ओव्हनचं दार उघडतं. आत रॉड.]

हे ओव्हन भाकरीचं नाही. ७०१८ नंबरचे रॉड आहेत. पहिल्या ७० चा अर्थ ताकद, चौरस इंचाला ७० हजार पौंड. १ म्हणजे सगळ्या पोझिशनला चालतो. ८ म्हणजे वरचा लेप कमी हायड्रोजनचा. पण लेप हवेतला ओलावा ओढतो, आणि कोल्हापूरच्या जुलैत ओलाव्याला काय तोटा? याच हायवेवर २०१९ साली पंचगंगेचं पाणी आलं होतं. ओला रॉड पेटवला, की पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. म्हणून रॉड आधी तीनशे-साडेतीनशे अंशांवर तासभर तरी भाजायचे, मग कमी आचेवर गरम ठेवायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. ट्रॉलीच्या कामात यानं रॉड कधी भाजला नव्हता. पाकीट फोडलं, की होल्डरला.

जुन्या हाताला सवयी मोडाव्या लागतात, ते असं.

ट्यूबचा पहिला थर, म्हणजे रूट, टिगनं मारायचा. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हाताच्या बोटांतून बारीक तार पुढं सरकवत राहायची, न थांबता. आर्कवाल्या माणसाचा डावा हात आजवर नुसता स्क्रीन धरायचा. त्याला आता काम लागलं. हा घरी टीव्हीसमोर बसून सायकलचा स्पोक बोटांतून पुढं सरकवायची प्रॅक्टिस करतो. बायको म्हणते, माळ ओढायला लागलंय.

[दृश्य : काळी काच खाली येते. पडदा अंधारतो, मग हिरवट उजेड.]

ही काच दहा-अकरा नंबरची. तिच्याशिवाय बघू नका. मी कॉलेजात असताना घरच्या ग्रिलचं काम मजेनं बघत उभा राहिलो. तेव्हा काही झालं नाही. रात्री दीडला डोळ्यांत कुणी मूठभर वाळू घातल्यासारखं झालं. आजीनं डोळ्यांत दूध घालायची तयारी केली होती. सकाळी डॉक्टर म्हणाले, दुधाचा चहा करा आणि ड्रॉप हे घाला.

आता जोडणी. दोन्ही तोंडं तिरकी घासून झालीत, समोरासमोर ठेवली की व्ही आकार होतो. टोकाला दीड मिलिमीटरची धार ठेवलीय. दोन्हींच्या मध्ये तारेचा तुकडा वाकवून अडकवायचा, म्हणजे फट सगळीकडं सारखी राहते. टॅक, म्हणजे पाइप जागेवर धरणारे छोटे टाके, मारले की तार काढायची. टॅकची दोन्ही टोकं पुन्हा घासून उतरती करायची, नाहीतर रूट तिथं अडखळतो.

पाइपाचं तोंड म्हणजे घड्याळ. तळ सहा, माथा बारा. सहाला सुरुवात, एका बाजूनं बारापर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं.

[दृश्य : जवळून. व्हीच्या तळाशी छोटंसं भोक उघडतं, धातू त्याच्या कडा ओला करतो.]

ते भोक बघा. त्याला की-होल म्हणतात. भोक आहे, याचा अर्थ दोन्ही कडा आतपर्यंत वितळतायत. बुजलं तर आत फट राहिली. मोठं झालं तर धातू आत गळून लोंबणार, आणि ट्यूबमधल्या पाण्याला तोच अडथळा. सबंध परीक्षा या वाटाण्याएवढ्या भोकाकडं बघत द्यायची असते.

पहिल्या आठवड्यात यानं केलेली कॅप, म्हणजे सगळ्यात वरचा थर, शेडमधल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढण्यासारखी होती. नाण्यावर नाणं रचल्यासारखी. मास्तरांनी पाइप उचलला आणि बॅटरीचा उजेड थेट आत मारला.

"भाईरनं लई देखणं झालंय, गड्या. आत बघ."

आत चार आणि पाचच्या मध्ये रूट पोचलाच नव्हता.

[दृश्य : परीक्षेनंतर. जोडातून कापलेल्या पट्ट्या, वाकवायचा प्रेस.]

सहा आठवड्यांनी परीक्षा. नजरेनं तपासणी झाली, अंडरकट, म्हणजे जोडाच्या कडेला खाल्लेली खाच, नाही, कुठं छिद्र नाही. आता जोडाच्या आडव्या पट्ट्या कापल्यात. वरची कॅप आणि आतला उंचवटा, दोन्ही घासून सपाट. देखणेपणा इथं संपतो. पट्टी साच्यावर ठेवून यू आकारात वाकवायची. फेस बेंडला वरची बाजू ताणली जाते, रूट बेंडला आतली. ३ मिलिमीटरपेक्षा मोठं तोंड उघडलं, की नापास.

पहिली पट्टी, फेस. ठीक. दुसरी, फेस. ठीक. तिसरी, रूट. ठीक.

चौथी वाकत असताना शेडमध्ये कुणी बोललं नाही.

मास्तरांनी ती उजेडाकडं धरली, नखानं चाचपली, उघडलेलं तोंड मोजलं. साडेचार मिलिमीटर. सहाच्या ठोक्याला, जिथून सुरुवात केली होती तिथंच.

हा खाली बसला. चहा आला, तो घेतला नाही. थोड्या वेळानं मास्तर दोन कोरे पाइप घेऊन आले आणि त्याच्या पायाशी ठेवले.

"दोन कशाला, मास्तर?"

"लगीच फेर परीक्षा द्यायची, तर एकाच्या बदली दोन. दोन्ही पास व्हाय पायजेत. कोडात तसंच हाय."

त्यानं एक पाइप उचलला, तोंडावरनं अंगठा फिरवला, आणि ग्राइंडरची पिन बोर्डात घातली.