खेप आणि पोच

(बार्शीतल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान. बोलण्याची लय ठेवून संपादित.)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो मोठा आहे: कॅन्सरचं संशोधन, सरकारी धोरण आणि रुग्ण यांचा मेळ. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं पोस्टात काढली. त्या नोकरीनं एक गोष्ट अंगात भिनवली, की वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा सही लागते. रजिस्टर पत्र हरवलं तर ते कुठल्या थैलीतून आलं, बटवड्याला कुणी नेलं, शेवटची सही कुणाची, हे आम्ही दुपारपर्यंत शोधून काढायचो. कॅन्सरच्या पेशंटची शेवटची सही कुणाची असते? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. ते मिळावं म्हणून मी इथे उभा आहे.

ही वही बघा. साधी दोनशे पानी. माझ्या थोरल्या वहिनींची. अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, डाव्या गालात जखम झाली आणि महिना झाला तरी भरेना, त्या दिवसापासून वहिनींनी यात लिहायला घेतलं. आमचं गाव करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशनपासून आत. वहिनी सातवी शिकलेल्या, पण हिशोब चोख. तारीख, गाडीभाडं, कुठे गेलो, काय झालं आणि शेवटी एक आकडा. तो आकडा बोटांचा आहे. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि तिथल्या तिथे सांगितलं, मी हात लावत नाही, तुकडा तपासून घ्या. फार भला माणूस. त्यांनीच वहिनींना शिकवलं की तोंड किती उघडतं ते रोज अण्णांच्याच बोटांनी मोजायचं. बोटं उभी, एकावर एक. पहिल्या पानावर लिहिलंय: "तीन बोटं."

तुकडा काढायला सोलापूर. रिपोर्ट आणायला पुन्हा सोलापूर. रिपोर्ट घेऊन पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, नीट बोलले. म्हणाले, आमच्याकडे पुन्हा बघावं लागेल, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या. वहिनींना ब्लॉक म्हणजे काय ते कळेना. मलाही कळलं नव्हतं. ब्लॉक म्हणजे मेणाची वडी. तुकडा त्या मेणात बसवलेला असतो, प्लास्टिकच्या चौकटीत, सगळं मिळून अंगठ्याच्या पेराएवढं. ती वडी आणायला आम्ही सोलापूरला गेलो, तर लॅब म्हणते डॉक्टरांचं पत्र आणा. परत पुणे. पत्र घेऊन परत सोलापूर, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. त्यानंतरच्या खेपेला वडी मिळाली. मी ती हातात घेतली आणि पोस्टातल्या माणसाला जे वाटेल तेच वाटलं. ही वडी स्पीड पोस्टानं दोन-तीन दिवसांत पोचली असती. एका लॅबनं दुसऱ्या लॅबला पाठवायची, बस. तिच्यासाठी एक आजारी माणूस पाच वेळा गाडीत बसला. वहीत त्या पानावर "दोन बोटं" लिहिलंय. भाकरी बंद, दुधात कुस्करूनही जाईना.

रेल्वेची सवलत आहे, तीही सांगतो. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. फार मोठी सोय. पण त्या फॉर्मवर जिथे उपचार चालू आहेत त्या दवाखान्याची सही लागते. म्हणजे निदान पक्कं होईपर्यंतच्या सगळ्या खेपा पदरच्या पैशानं.

मग महात्मा फुले जनआरोग्य योजना. या योजनेनंच पुढे अण्णांचं ऑपरेशन झालं, तिचे उपकार मी विसरणार नाही. पण रेशन कार्डावर नाव दत्तू आणि आधारवर दत्तात्रय. क्वेरी पडली. तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करा. तिथल्या कारकुनानं विचारलं, दत्तू कोण आणि दत्तात्रय कोण? अण्णा म्हणाले, "देव एकच आहे, साहेब." हसा, हसा. अण्णाही हसले होते, तोंड उघडत नव्हतं तरी. त्या दिवसाचा आकडा आहे "दीड."

ऑपरेशनच्या टेबलापर्यंत एकूण चौदा खेपा. पाच खेपांत डॉक्टरांनी अण्णांना पाहिलं. बाकीच्या नऊ कागदाच्या. पुढे रेडिएशनचे तीस शेक झाले आणि अण्णा दोन वर्षं आमच्यात होते. उशीर झाला म्हणूनच ते गेले असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच सांगता येत नाही. पण तीन बोटांची दीड झाली ती या खेपांमध्येच झाली. हे वहीत आहे आणि हॉस्पिटलच्या फाईलमध्ये नाही.

आता तुमच्या गावाचं सांगतो, कारण आमच्याकडे कुणी "बार्शीला जा" एवढंही बोललं नाही, याची मला आजही चुटपुट आहे. १९८७ साली याच बार्शीत ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. दवाखान्यातल्या नोंदी पुरणार नव्हत्या, कारण पुष्कळ माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम भागातल्या गावांत जायचे, लोकांशी बोलायचे. न भरणारी जखम, गाठ, अंगावरून जाणं ही लक्षणं समजावायचे, आणि संशय आला तर माणसाला तपासणीपर्यंत पोचवायचे. ठरवलं होतं मोजायचं, पण काही वर्षांत इथल्या बायकांचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. दारात जाऊन विचारलं, एवढ्यानं.

त्याच पायावर १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल, इथलं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांची मिळून. सव्वा लाखाहून जास्त बायका, गावांचे ५२ गट. २००९ मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यानं होतो त्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. आणि ते कशानं साधलं? तपासणी गावात आली, पुढच्या उपचाराची जागा आधी ठरलेली होती, आणि कोण आलं, कोण राहिलं याची यादी कुणाच्या तरी हातात होती. बाईच्या खेपा त्यांनी आधीच कमी केल्या होत्या.

२०१६ साली केंद्रानं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरच्या तपासणीच्या सूचना काढल्या, तीस ते पासष्ट वर्षांच्या लोकांसाठी. चांगल्या आहेत. पण अशा कागदांवर एक शब्द येतो, "संदर्भित करावे." रेफर करा. मंडळी, पोच आली नाही तर आमच्या खात्यात पत्र पाठवलं असं कुणी म्हणत नसे. इथे आशाताईनं चिठ्ठी दिली की नोंदवहीत काम पूर्ण. बाई पोचली का, हे विचारणारा रकाना...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ज्यासाठी बोलावलंत ते मग भरभर सांगतो.

एक, खेप मोजा. टाटातल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं की निव्होलुमॅब हे महागडं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं तरी डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना फायदा होतो. एक वर्ष जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, तोही दोन आठवड्यांनी. रुग्णाला परवडेल का, हा प्रश्नच तिथे संशोधनाचा विषय झाला. तसंच प्रत्येक अभ्यासात आणि प्रत्येक योजनेच्या अहवालात हाही आकडा यावा: उपचार सुरू होईपर्यंत रुग्णाच्या खेपा किती.

दोन, माणूस बसू द्या, कागद फिरवा. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, उभं राहिलं, आज तीनशेहून अधिक संस्था त्यात आहेत. त्यांनी एकत्र येऊन चाळीस औषधांच्या भावाची बोलणी केली आणि तेराशे कोटींच्या वर वाचवले. भावासाठी एकत्र येता आलं, तर मेणाच्या वडीसाठीही येता येईल. ब्लॉक लॅबनं लॅबला पाठवायचा, पेशंटनं नाही.

तीन, पोच. ज्यानं रेफर केलं त्याला सात दिवसांत कळलं पाहिजे की माणूस पोचला. नाही पोचला तर फोन. एक नाव, एक नंबर, फाईलच्या पहिल्या पानावर.

आणि धोरण ठरवणाऱ्या समितीत वहिनींसारखी एक बाई असावी. मान द्यायला म्हणून नव्हे. चौदा खेपा कुठे कुठे गेल्या, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत असेल.

वही मी टेबलावर ठेवतो. कार्यक्रमानंतर जरूर बघा, वहिनींची परवानगी आहे. शेवटचं पान तेवढं वाचून दाखवतो. २०१४ साली अंमली पदार्थांचा कायदा बदलला, मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या, परवान्यांचं जंजाळ कमी झालं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेलं हे पान आहे. "दुखण्याच्या गोळ्या तालुक्यात नाहीत. सोलापुरात दोन दुकानं पाहिली, नाहीत. पुण्याला मिळाल्या, दहा दिवसांच्या. भाऊजी गेले होते. रात्री साडेअकराला आले. यांना झोप लागली."

त्या दिवशी बोटांचा आकडा लिहिलेला नाही.