सहा बोल्टांचा सांधा

(पडद्यावर: मिरज यार्ड, पहाट. मालगाडी हळूहळू सरकते आहे. फक्त चाकांचा आवाज.)

खडाक-खडाक. खडाक-खडाक.

झुकझुक हा इंजिनाचा आवाज, तो वाफेबरोबर गेला. हा चाकांचा. दोन रुळांच्या मधल्या फटीवरून जाताना चाक किंचित खाली येतं आणि पुढच्या रुळाच्या टोकावर आपटतं. डब्याच्या प्रत्येक टोकाखाली दोन चाकजोड्या जवळजवळ असतात, म्हणून ठोकेही जोडीनं पडतात.

आपल्याला यात ताल ऐकू येतो. आण्णांना सैल बोल्ट ऐकू येतो.

(पडद्यावर: आण्णा. डोक्यावर टॉवेल, हातात लांब दांड्याचा हातोडा. बाजूच्या सायडिंगवर.)

आण्णा रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रूळ त्याखालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या आणि सांध्यांचे बोल्ट रोज तपासणारा माणूस. एका खांद्यावर पाना, दुसऱ्यावर हातोडा, आणि सहा-सात किलोमीटरची चाल. मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या, म्हणजे रुळांमधल्या तीन वेगवेगळ्या अंतरांच्या, गाड्या येत. आण्णांचे वडील बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळावर गँगमन होते, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. म्हणजे या घरानं दोन पिढ्या रुळाकडे खाली मान घालूनच पाहिलंय.

पहिला बोल्ट. टण्ण. दुसरा. टण्ण. तिसरा.

(निवेदन थांबतं. आण्णा तिसऱ्यावर पुन्हा हातोडा टेकवतात.)

"हा आईकला का?"

आम्हाला काही फरक कळला नाही. हेडफोन लावून बसलेल्या आमच्या ध्वनिमुद्रकानं मात्र मान वर केली.

(पडद्यावर: सांध्याचं जवळचं दृश्य. फट, दोन पट्ट्या, चार बोल्ट.)

ही फिशप्लेट, दोन रुळांची टोकं बाजूनं जोडून धरणारी पट्टी. माशाशी हिचा संबंध नाही. जहाजाची डोलकाठी मोडली की खलाशी तिला बाजूनं लाकडाचे तुकडे बांधत, त्याला ते फिश म्हणत. आपल्याकडे हाडवैद्य मोडल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधतो, तसंच. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस ॲडम्स आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी 1847 मध्ये या सांध्याचं पेटंट घेतलं. त्याआधी एक पद्धत अशी होती, की दोन्ही रुळांची टोकं अर्धी-अर्धी कापायची आणि एकावर एक बसवायची. ॲडम्सचा आक्षेप साधा होता: जिथं भार सगळ्यात जास्त, तिथंच तुम्ही रूळ निम्मा करता.

त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा. मिरजेशेजारच्या कुपवाडात ते पुन्हा येणार आहे.

फट ठेवायचीच कशाला? 13 मीटरचा रूळ घ्या. थंडीतल्या पहाटे तो 10 अंशांवर असतो. मे महिन्याच्या दुपारी उन्हात पडलेलं लोखंड हवेपेक्षाही वीसेक अंशांनी जास्त तापतं, साठापर्यंत जातं. या 50 अंशांत 13 मीटरचा रूळ साधारण साडेसात मिलिमीटर वाढतो. त्याला जागा दिली नाही तर तो स्वतःच जागा करून घेतो, बाजूला वाकून.

(पडद्यावर: कुपवाड एमआयडीसी. पत्र्याची शेड. हातगाडीवरून उतरणारे रुळाचे दोन तुकडे.)

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची तीन मुलं. प्रोजेक्टचा विषय: बोल्टच्या सांध्याला मजबूत कसं करायचं. रेल्वेच्या लिलावातून भंगारवाल्याकडे आलेले दोन तुकडे त्यांनी विकत घेतले. दीड-दीड मीटरचे, 52 किलोचे. 52 किलो म्हणजे एका मीटरचं वजन, तेव्हा एकेक तुकडा 78 किलोंचा. पावती मुलांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टांगली. रेल्वेचं लोखंड घरात सापडलं तर पोलिस आधी पावतीच विचारतात.

(पडद्यावर: बोल्टच्या भोकाचं अगदी जवळचं दृश्य. कडेपासून तिरकी गेलेली बारीक रेघ.)

ही रेघ बघा. केसाएवढी. सांधा मोडतो तो बहुतेकदा असा. पट्टी शाबूत राहते, बोल्टही शाबूत राहतो, तडा जातो भोकाच्या कडेला. चाकाचा प्रत्येक ठोका रुळाचं टोक खाली दाबतो, आणि भोकापासून साधारण 45 अंशांत तडा चढत जातो. पट्टीच्या आड असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही.

मुलांची पहिली कल्पना होती तिरक्या कापाची. रूळ सरळ न कापता तिरका कापला, तर चाक फटीत पडणारच नाही, एका रुळावरून अलगद दुसऱ्यावर जाईल. कागदावर सुंदर. कापायला अख्खा दिवस गेला. शेडमधले फिटर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुकडा प्रेसखाली ठेवला.

(पडद्यावर: प्रेस. रुळाच्या तिरक्या टोकाचा पातळ कोपरा खाली दबतो. मुलांचे चेहरे.)

ॲडम्स. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा.

तिरका काप रेल्वेत चालतो, पण तो खूप लांब, निमुळता लागतो आणि त्याला खालून पूर्ण आधार लागतो. हाताएवढ्या लांबीत ते जमत नाही.

दुसरी कल्पना चाचांच्या बाकावर जन्मली. पट्टी जाड करता येत नाही. चाकाची खाली उतरलेली कड रुळाच्या आतून जायला जागा हवी. मग ती लांब करायची, चाराऐवजी सहा बोल्ट घालायचे. यात नवीन काहीच नाही. असे सांधे जगात आहेत. नवीन असेल तर ते पुढचं.

(पडद्यावर: चाचा. पट्टीच्या कडेला निळा रंग बोटानं पसरतात.)

फिशप्लेट रुळाच्या पोटाला टेकत नाही. ती वर माथ्याच्या खालच्या उताराला टेकते आणि खाली पायाच्या वरच्या उताराला, पाचरीसारखी. तिथं ती किती टेकते यावर सगळं आहे. कारखान्यातून आलेली पट्टी चार ठिकाणी टेकते आणि दहा ठिकाणी नाही. चाचा निळा रंग लावून पट्टी रुळावर दाबतात, काढतात. जिथं रंग उठला तिथं ती टेकली. तेवढा उंचवटा घासायचा. पुन्हा रंग. पुन्हा दाबायचं.

(पडद्यावर: मिरजेची सतारमेकर गल्ली. घोडीवर कानस चालवणारा हात. तंबोऱ्याची एक तार.)

हे दृश्य आम्ही खरं तर दुसऱ्याच कामासाठी घेतलं होतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाचं. पण चाचांचं आजोळ याच गल्लीतलं, आणि त्यांचा हात बघितल्यावर हे इथं जोडल्याशिवाय राहवलं नाही. जवारी काढणं म्हणजे तारेखालच्या घोडीचा माथा इतका अचूक घासायचा, की तार त्यावर नेमकी हवी तेवढीच टेकेल. कमी टेकली तर आवाज बोदा, जास्त टेकली तर मेला.

एका पट्टीला चाचांना साडेतीन दिवस लागले. भोकांच्या कडा त्यांनी चॅम्फर मारून, म्हणजे धार घासून, बोथट केल्या, कारण तडा धारदार कडेवरच जन्मतो. रेल्वेतही भोकांच्या कडा अशा मारतात. चाचांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

(पडद्यावर: आण्णा शेडमध्ये. स्टुलावर बसून पट्टी उलटसुलट करून बघतात.)

मग आण्णांना बोलावलं. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, चाचांकडे बघितलं, आणि मुलांना विचारलं, "एवढी घट्ट बसवलीसा, आता रूळ सरकायचा कसा?"

शेडमध्ये कुणी बोललं नाही. तीन मुलांनी ताकदीचं गणित दहा वेळा केलं होतं. सरकण्याचं एकदाही नाही.

सांध्यानं भार उभा घ्यायचा आणि रुळाला लांबीत सरकू द्यायचं. दोन्ही एकाच वेळी. म्हणून दर वर्षी थंडीच्या मोसमात गँग फिशप्लेट उघडते, गंज खरवडते आणि ग्रॅफाइट नि घासलेटाचं काळं कालवण आत चोपडते. हे केलं नाही की सांधा गोठतो. गोठलेला सांधा मे महिन्यात गोठलेलाच राहतो, आणि वाकतो तो रूळ.

मुलांनी भोकं रुळाच्या लांबीत थोडी लांबट केली. टेकायचे उतार तसेच ठेवले, चाचांच्या घासणीचे, त्यावर ग्रॅफाइट.

(पडद्यावर: कॉलेजची प्रयोगशाळा. चाचणी यंत्र. डायलचा काटा.)

डावीकडे जुना चार बोल्टांचा सांधा. उजवीकडे हा. भार सारखाच. सांधा किती दबला ते काटा दाखवतो. काट्याकडे बघा.

(निवेदन थांबतं. डावा काटा फिरतो. उजवा त्याच्या मागे राहतो. एका मुलाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.)

(पडद्यावर: संध्याकाळ. सायडिंगवर मातीचा साचा, वर भट्टीचं भांडं. अचानक पांढरा उजेड.)

आता हे बघा.

थर्मिट. वितळलेलं लोखंड ओतून रूळ जोडायची, म्हणजे वेल्ड करायची, रीत. रुळांच्या टोकांत साधारण 25 मिलिमीटर जागा ठेवतात आणि दोन्ही टोकं सांध्यापाशी जाणूनबुजून दोनेक मिलिमीटर उचलतात, कारण निवताना रुळाचा माथा शेवटी आखडतो आणि सांधा खाली बसतो. लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी पेटवली, की ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतो. तापमान अडीच हजार अंशांच्या घरात. लोखंड खाली जातं, आणि गुऱ्हाळात कढईवर मळी यावी तसा स्लॅग वर तरंगतो. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1895 मध्ये याचं पेटंट घेतलं.

(निवेदन थांबतं. ठिणग्या. मग अंधार.)

हा सांधा फट ठेवतच नाही. चाकाचा ठोका गेला. पण वाढ कुठं गेली? ती रुळातच कोंडली. 52 किलोच्या रुळात दर अंशामागे दीड टनाहून जास्त जोर साठतो. 20 अंश चढले की तीस टनांच्या वर. तो जोर स्लीपर आणि खडी पेलून धरतात. खडी कमी पडू नये म्हणून गँग पुन्हा फावडं घेऊन उभी.

मुख्य मार्गावर आता बहुतेक ठिकाणी वेल्डच आहे. बोल्टचा सांधा उरला यार्डात, सायडिंगवर, गाडीचा रूळ बदलणाऱ्या काट्यांपाशी, आणि एखादा वेल्ड तुटला की तात्पुरता. रुळावर नवा सांधा घालायचा तर लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेची मान्यता लागते; तिथपर्यंत हे काम गेलेलं नाही. मुलं पास झाली. दोघं पुण्याला गेली, एक कुपवाडातच आहे.

(पडद्यावर: शेड, दुपार. सांधा बाकावर. आण्णा हातोडा मागतात.)

चित्रीकरणाचा शेवटचा दिवस. आण्णा निरोप घ्यायला आले होते.

पहिला. टण्ण. दुसरा. टण्ण. तिसरा, चौथा. पाचवा.

(आण्णा थांबतात. पाचव्यावर पुन्हा हातोडा. चाचा मान वर करतात. काही न बोलता भिंतीवरचा पाना काढून त्यांच्या हातात देतात.)