शिळा, फ्लेक्स आणि स्टेटस

(दृश्य : रामपंचायतनाची जुनी छापील तसबीर, वर भिंग)

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली. तिथं छापलेलं रामपंचायतन घरोघरी भिंतीवर लागलं.

शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चुनखडीच्या घासून गुळगुळीत केलेल्या शिळेवर तेलकट खडूनं चित्र उलटं काढायचं, वर डिंकात मिसळलेलं सौम्य नायट्रिक आम्ल लावायचं. मग शिळा ओली करून रूळ फिरवला की शाई तेलकट रेघेलाच धरते, ओल्या जागेला चिकटत नाही. जितके रंग, तितक्या वेळा तोच कागद दाबाखाली. दर वेळी कडेच्या खुणांवर नेमका बसायला हवा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, केसभर फुगतो, आणि ओठांचा लाल हनुवटीवर उतरतो. एवढी उस्तवार परवडायची, कारण चित्र एकदा देवघरात लागलं की वर्षानुवर्षं रोज नजरेखालून जायचं.

(दृश्य : चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स)

वीस बाय दहा फूट. ताशी ४० किलोमीटरनं जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो. तेवढ्यात फार तर एक चेहरा आणि दोन-तीन शब्द टिपले जातात. इथं चेहरे आहेत पंधरा. फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेले, म्हणजे आधीच दाबून बारीक केलेले. २०० पिक्सेल रुंदीचा चेहरा चार फुटांवर ताणला की एकेक पिक्सेल सहा मिलिमीटरचा होतो, तुरीच्या डाळीएवढा. जवळून नाक-डोळे विरघळतात. सिग्नलला थांबलेल्याला मात्र ते ठीक दिसतात.

पण हा फ्लेक्स रस्त्यासाठी असतोच कुठे? खरा प्रेक्षक मोबाईलमध्ये. संध्याकाळपर्यंत पंधराही जणांच्या स्टेटसला तो चढलेला असतो.

विसर्जन मिरवणुकीतल्या एलईडी भिंतीचंही तेच. डोळ्यांना लख्ख, रीलमध्ये काळे आडवे पट्टे. स्वस्त पॅनेल सेकंदाला कमी वेळा उजळतं आणि मोबाईल कॅमेऱ्याचं वेगवान शटर त्यातला अर्धाच उजेड पकडतं. शटर १/५० सेकंदावर आणलं की पट्टे पुष्कळ कमी होतात. चित्रीकरणासाठी मुद्दाम ३८४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ३८४० वेळा उजळणारी पॅनेल मागवतात.

(दृश्य : उभा मोबाईल, पडद्यावर तोच फ्लेक्स)

उभी चौकट १०८० बाय १९२०. आडवा फ्लेक्स त्यात पुरता बसवला, तर उंची मिळते ५४० पिक्सेल, पडद्याच्या चौथाईहून थोडी जास्त. चेहरे वाटाण्याएवढे. म्हणून कार्यकर्ता दोन बोटांनी झूम करतो, आपला तेवढा कोपरा कापतो आणि पाठवून देतो.