साठीनंतर लघवीला सारखी जळजळ? आधी हे ऐका

नमस्कार. आजचा व्हिडिओ आईला शेजारी बसवून बघा. ती लाजेल, उठून जाईन म्हणेल. तरी बसवाच.

मध्यंतरी एक मावशी आल्या, वय 68. पिशवीतून युरीन रिपोर्टची चळतच काढली. वर्षात पाच वेळा इन्फेक्शन, पाच वेळा अँटिबायोटिकचा कोर्स. एसटीने कुठे जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. मी विचारलं, "खाली कोरडं वाटतं का? आग होते?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, "होते हो. पण या वयात सांगायचं कुणाला?"

पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं. योनीमार्गाचं आणि लघवीच्या वाटेचं अस्तर त्याच्यावरच पोसलेलं असतं. ते पातळ पडतं, कोरडं होतं. तिथे राहून आम्ल बनवणारे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतूही कमी होतात. राखणदार गेले की आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मोकाट वर चढतो. अँटिबायोटिक त्याला मारतं, पण राखणदार परत आणत नाही. म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

यावर इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, योनीमार्गात लावायचं. 1993 मध्ये रझ आणि स्टॅम या संशोधकांनी असा त्रास असलेल्या 93 स्त्रियांवर अभ्यास केला. औषध नसलेलं साधं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी 5.9 वेळा इन्फेक्शन झालं, इस्ट्रोजेनवाल्यांना 0.5 वेळा. हा आकडा मला अजूनही थक्क करतो. इतकी वर्षं झाली, तरी आपल्या आया कोर्सवर कोर्स घेत आहेत!

मग हे क्रीम घ्यायला बायका का घाबरतात? खोक्यातल्या कागदावर 'कॅन्सर' हा शब्द दिसतो म्हणून. ती भीती पसरली 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासामुळे. तिथे दिल्या होत्या पोटात घ्यायच्या गोळ्या, इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचे कॅन्सर 30 ऐवजी 38 झाले. क्रीमचा डोस अगदी थोडा, रक्तात जेमतेम उतरतो. दोन्ही एका मापाने मोजू नका.

मात्र स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, अगदी डाग लागला तरी, क्रीम नाही, आधी तपासणी. मनाने मेडिकलमधून आणून लावू नका.

साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. चार दिवसांत फरक दिसत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो आणि पुढेही चालू ठेवावं लागतं. मावशींनी बुधवार-रविवार ठरवलेत. पूर्वी पाळीची तारीख मांडायच्या तशीच कॅलेंडरवर बारीक फुली मारतात.