पाच कोटींची रेघ आणि तुमचं बिल

(स्वयंरोजगार करणाऱ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, वर येताना जिन्यातच एका ताईंनी मला थांबवलं. त्या जर्मन भाषांतराचं काम करतात. मोबाइलवर त्यांनी आपलं बिल दाखवलं. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, खाली नाव, पत्ता, बँक खातं, रक्कम, सगळं नीटनेटकं. म्हणाल्या, “सर, मी वर्डमध्ये करते, पीडीएफ करून मेल करते. म्हणजे माझं ई-इन्व्हॉइस आधीपासूनच चालू आहे ना?”

नाही हो ताई. मेलने गेलं म्हणून बिल जीएसटीतलं ई-इन्व्हॉइस होत नाही. आजचं निम्मं भाषण या एका गैरसमजावरच आहे, तेव्हा त्यांचे आधी आभार.

ई-इन्व्हॉइस सरकार बनवून देतं असंही काहींना वाटतं. तसं नाही. बिल तुम्हीच करायचं, तुमच्या टॅलीत नाहीतर जे सॉफ्टवेअर वापरता त्यात. मग त्यातला तपशील ठरलेल्या साच्यात इन्व्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलवर जातो. पोर्टल तो तपासतं, त्याला ६४ अक्षरांचा एक नंबर देतं, डिजिटल सही करतं आणि क्यूआर कोडसकट परत पाठवतं. ६४ अक्षरांच्या त्या नंबराला आयआरएन म्हणतात. तो चार गोष्टींवरून निघतो: विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष. त्यामुळे एका वर्षात एकच बिल नंबर दोनदा टाकला की पोर्टल तिथल्या तिथे नाकारतं. बिलबुकात एकाच नंबरची दोन बिलं खपून जायची, ते दिवस गेले.

आता सक्ती कुणाला? १ ऑक्टोबर २०२० ला सुरुवात झाली तेव्हा ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना. मग रेघ १०० वर आली, ५० वर, २० वर, १० वर, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचा आकडा लाखांत आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण या रेघेत एक खोच आहे आणि तिच्यात मी स्वतः अडकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भोसरीला माझे एक अशील आहेत. एकटा माणूस, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), चार कामगार. स्वतःचा माल विकतात आणि जॉबवर्कही, म्हणजे दुसऱ्याच्या मालावरचं कामही, करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी फोन केला, “साहेब, आपल्याला लागू आहे का हे?” मी आदल्या वर्षाचा आकडा पाहिला, ३ कोटी ८० लाख. म्हटलं, नाही, निवांत राहा. चूक माझी. नियम आदल्या वर्षापुरता नाही. २०१७-१८ पासून कुठल्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर सक्ती लागू. पुढे धंदा निम्म्यावर आला तरी सुटका नाही. यांना २०१८-१९ मध्ये एक मोठी ऑर्डर मिळाली होती आणि त्या वर्षी आकडा ५ कोटी ३० लाखांवर गेला होता.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या ग्राहक कंपनीच्या अकाउंट्सने पेमेंट रोखलं. कारण सरळ होतं. सीजीएसटी, म्हणजे केंद्रीय जीएसटी, नियम ४८ चा पोटनियम ५ म्हणतो की सक्ती असताना या रीतीने न काढलेलं बिल हे बिलच नव्हे. मग त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, ग्राहकाने कशाच्या जोरावर घ्यायचं? तो १८ टक्के कर त्याच्या गळ्यात नको म्हणून त्याने पैसेच थांबवले. कायद्याच्या दृष्टीने त्याचं काही चुकलं नाही, पण फराळाच्या दिवसांत कामगारांचा बोनस कुठून द्यायचा ते सांगा.

आम्ही दोन रात्री बसलो. ४७ बिलं जुन्याच तारखेने पोर्टलवर चढवली, आयआरएन आले, नव्या प्रती गेल्या, पैसे सुटले. हे निभावलं कारण त्यांच्यासाठी मुदतीचं बंधन नव्हतं. तुमची उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढवावं लागतं. एकतिसाव्या दिवशी पोर्टल घेत नाही. आणि चढवलेलं बिल चुकलं, तर पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढा नाहीतर जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करा.

आणखी एक. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, वेगळं पॅन नसतं, उलाढाल पॅनवर मोजतात. कोथरूडला दुकान आणि इंदूरला एजन्सी, दोन्ही तुमच्याच नावावर असतील तर बेरीज होते. करमाफ विक्री आणि निर्यातही त्यात धरतात. ‘त्यावर कुठे कर आहे, ते कशाला मोजायचं?’ असं कुणी म्हटलं की मला लगेच भोसरी आठवते. पोर्टलवर आपला जीएसटी क्रमांक टाकला की तो ई-इन्व्हॉइससाठी ‘एनेबल्ड’ आहे की नाही ते दिसतं. पण ती यादी रिटर्नमधल्या आकड्यांवरून तयार होते. तिच्यावर विसंबू नका, २०१७-१८ पासूनचे आकडे स्वतः काढून एका कागदावर लिहून ठेवा.

घरगुती गिऱ्हाइकाला, म्हणजे जीएसटी क्रमांक नसलेल्याला दिलेल्या बिलाला हे लागत नाही. नोंदणीकृत ग्राहकाला दिलेलं बिल आणि निर्यातीचं बिल यांना लागतं.

आता पुन्हा ताईंकडे. त्यांची वर्षाची उलाढाल २६ लाख आहे, त्यातले १४ जर्मनीतल्या एका एजन्सीकडून. सेवा व्यवसायात २० लाखांच्या वर नोंदणी घ्यावीच लागते आणि परदेशातली बिलंही त्या २० लाखांत मोजली जातात. त्यांनी नोंदणी केली आहे, दरवर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरतात, म्हणून जर्मन बिलावर कर लावत नाहीत. सगळं बरोबर. पण गेल्या महिन्यात एजन्सीचा मेल आला की यापुढे इनव्हॉइस एक्सएमएल या संगणकाला थेट वाचता येणाऱ्या स्वरूपात पाठवा, आमच्याकडे कायदा झालाय. ताई घाबरल्या.

कायदा झालाय हे खरं. १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीतल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस स्वीकारता यायला हवं, आणि तिथेही साधी पीडीएफ ई-इन्व्हॉइस मानली जात नाही. पाठवण्याची सक्ती मात्र टप्प्याटप्प्याने आहे, २०२८ पर्यंत. आणि ती देशातल्या देशात होणाऱ्या व्यवहारांना आहे, दोन्ही बाजू जर्मनीतल्या असतील तर. पुण्यातून जाणाऱ्या बिलाला नाही. एजन्सीच्या सोयीसाठी एक्सएमएल द्यायचं तर जरूर द्या, पण कायद्याच्या भीतीने नको. मी ताईंना सांगितलं, तसं नम्र उत्तर लिहा. जर्मन तुम्हाला येतंच.

स्वयंरोजगार करणाऱ्यांवर खरी सक्ती पाहायची तर इटलीत पाहा. तिथे २०१९ पासून धंद्या-धंद्यातली बिलं सरकारी यंत्रणेतूनच जातात. सपाट दराने कर भरणारे छोटे व्यावसायिक त्यातून वगळले होते, पण १ जानेवारी २०२४ पासून तेही सगळे आत आले.

आपल्याकडे पाच कोटींच्या खालच्या माणसाला पोर्टल नाही, पण त्याची सावली पडलेली आहे. मोठी कंपनी तुमच्याकडून लेटरहेडवर लिहून मागते की ‘आम्हाला ई-इन्व्हॉइसिंग लागू नाही’. त्या कागदावर डोळे झाकून सही करू नका, आधी ते आकडे बघा. बिलाला वर्षभर एकच मालिका ठेवा, नंबर १६ अक्षरांच्या आत. सेवा दिल्यापासून ३० दिवसांत बिल काढा. ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकातलं एक अक्षर चुकलं तरी क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात जातं आणि फोन तुम्हाला येतो. आणि नोंदणी नसताना बिलावर १८ टक्के लावणारे महाभाग मी बघितले आहेत. कायद्याने तुम्हाला तो कर घेताच येत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: ही मर्यादा एक कोटीवर येणार का?)

५०० वरून ५ वर यायला तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत, एवढं मी सांगू शकतो. पुढचं भविष्य मी सांगत नाही, त्यासाठी पेठेत दुसरी माणसं आहेत. ताईंना मात्र मी जिन्यातच विचारलं होतं, तुमच्या बिलाचा नंबर काय? त्या म्हणाल्या, “नंबर कुठला, वर तारीख असते की.” ते बिल आज रात्री बदलायचं त्यांनी कबूल केलंय.