हुर्यो आणि ग्रॅमी

श्रोतेहो, नमस्कार. आज गोष्ट ‘टेक्सास फ्लड’ या ब्लूजच्या अल्बमची. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं.

१७ जुलै १९८२. स्वित्झर्लंडमधलं तळ्याकाठचं माँत्रो, तिथला नावाजलेला जॅझ महोत्सव. टेक्सासहून आलेले तिघं रंगमंचावर उभे राहतात. गिटारवर स्टीव्ही रे वॉन, वय २७. बेसवर टॉमी शॅनन, ड्रम्सवर ख्रिस लेटन. बँडचं नाव ‘डबल ट्रबल’. यांच्या नावावर तोवर एकही रेकॉर्ड नाही. वाजवायला लागतात तेच मुळी कानठळ्या बसतील इतक्या मोठ्यानं, आणि श्रोत्यांतले काही जण सरळ हुर्यो उडवतात. सगळे नाही हं. पण वाजवणाऱ्याच्या कानात तेवढंच घुमत राहतं, हे ज्यानं कधी गावच्या गणेशोत्सवात माइक हातात धरलाय त्याला वेगळं सांगायला नको.

म्हणायला गेलं तर फजितीच. पण त्या गावात त्या दिवसांत दोन नावाजलेले रॉक गायक होते, डेव्हिड बोवी आणि जॅक्सन ब्राउन. बोवीनं स्टीव्हीला आपल्या ‘लेट्स डान्स’ या अल्बमवर वाजवायला बोलावलं. ब्राउन म्हणाला, लॉस एंजेलिसमध्ये माझा स्टुडिओ आहे, तीन दिवस फुकट घ्या.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुट्टीच्या सुमारास, ही मंडळी तिथं पोचली. स्टुडिओ म्हणजे काय, तर मोठं गोदाम, सिमेंटची जमीन आणि वर टाकलेल्या सतरंज्या. तिघं एका कोपऱ्यात गोल करून बसले, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आणि हॉटेलात रोज रात्री वाजवतात तसं वाजवत सुटले. तीन दिवसांतला बराच वेळ मांडामांडीतच गेला. तरी दहा गाणी झाली. गंमत अशी, की आपण अल्बम करतोय असं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. कुठल्या तरी कंपनीला ऐकवायला नमुना हवा होता, एवढंच. त्या अल्बमची सगळी जादू मला तरी यातच दिसते. रेकॉर्ड करायची म्हणून माणूस बसला की तो सावध होतो, चुका टाळायला लागतो. इथं सावध व्हायचं कारणच नव्हतं.

ती टेप जॉन हॅमंड यांच्या हाती लागली. हे नाव लक्षात ठेवा. बिली हॉलिडे, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना पुढे आणणारा हाच गृहस्थ. १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताची मैफल भरवताना त्यांना ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन हवा होता. तो वारल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी रंगमंचावर त्याच्या तबकड्या वाजवून ऐकवल्या. ब्लूजसाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर ही टेप ऐकली आणि एपिक या रेकॉर्ड कंपनीशी गाठ घालून दिली. १३ जून १९८३ रोजी अल्बम बाजारात आला : ‘टेक्सास फ्लड’. त्याआधीच स्टीव्ही बोवीच्या जगभरच्या दौऱ्यातून ऐन तोंडावर बाहेर पडला होता. त्या वेळी लोकांना तो वेडेपणा वाटला असणार.

आता जरा वाजवण्याकडे या. गिटारची पहिली तार साधारणपणे ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची असते. हा बहाद्दर ०.०१३ची चढवायचा; अर्धा सूर खाली उतरवून लावायचा, पण तरीही ती तार ओढणं म्हणजे बोटांची सालटी निघणं. निघाली की हा सुपरग्लू लावून कातडी चिकटवायचा आणि पुन्हा बसायचा. सतारीवर तार बाजूला ओढून मींड काढतात ना, तीच क्रिया इथं. अल्बमला नाव देणाऱ्या ‘टेक्सास फ्लड’ या गाण्यात तो सूर ओढून वर नेतो, तिथं धरून ठेवतो, थरथरवतो, आणि सोडायची घाई करत नाही. ब्लूजचं आवर्तन बारा ‘बार’चं, म्हणजे तालाच्या बारा खंडांचं. एक ओळ गायची, तीच परत गायची, मग तिसऱ्या ओळीत उत्तर. मजकूर साधाच : टेक्सासात पूर आलाय, टेलिफोनच्या तारा पडल्यात, प्रेयसीशी बोलणं होत नाही. पुढचं सगळं गिटार बोलते.

अल्बममधलं शेवटचं ‘लेनी’ मात्र निराळं. त्यात शब्दच नाहीत. बायकोनं मित्रांकडून वर्गणी गोळा करून त्याला वाढदिवसाला एक गिटार दिली होती; त्या गिटारचं आणि या रचनेचं नाव बायकोच्याच नावावरून. इतका दणकट हात इतका हळुवार होऊ शकतो, हे तिथं कळतं.

स्वागत कसं झालं? सिंथेसायझरच्या त्या जमान्यात ब्लूजचा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ३८व्या क्रमांकापर्यंत चढला, पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘गिटार प्लेअर’ मासिकाच्या वाचकांनी त्याला एकाच वर्षी तीन मान दिले. पण कुरकुरही झाली : यात नवं काय? हे तर आधीच्या पिढीतल्या गिटारवादकांचं, हे अल्बर्ट किंगचं, हे जिमी हेंड्रिक्सचं. मला या आक्षेपात फारसा दम वाटत नाही. आपल्याकडे गुरूची बंदिश गाणाऱ्याला कुणी नकलाकार म्हणतं का? खुद्द अल्बर्ट किंग त्याच डिसेंबरात कॅनडातल्या एका टीव्ही स्टुडिओत त्याच्या शेजारी बसून वाजवत होते.

दुसरी गोष्ट मात्र बोचते. ‘टेक्सास फ्लड’ हे गाणं मुळात लॅरी डेव्हिसनं १९५८ साली गायलेलं. त्यावर गिटार फेंटन रॉबिन्सनची. दोघंही कृष्णवर्णीय. अल्बमवर ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ आहे, ते बडी गाय या ब्लूज गिटारवादकाचं. बडी गाय निदान २०११ साली मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत येऊन आपल्या लोकांना भेटून गेले. डेव्हिस आणि रॉबिन्सन ही नावं मात्र किती जणांना ठाऊक आहेत? यात स्टीव्हीचा दोष नाही. आपण कुणाकडून शिकलो हे तो तोंडभरून सांगायचा. पण पूर एकाच्या अंगणात आला आणि पीक दुसऱ्याच्या शेतात, हे खरंच.

आणि माँत्रोचं काय? तिथल्या त्या रात्रीचं त्याचं ध्वनिमुद्रण १९८४ साली ‘ब्लूज एक्स्प्लोजन’ या संग्रहात आलं, आणि त्या संग्रहाला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. ज्या वाजवण्याला हुर्यो, त्याच वाजवण्याला बक्षीस! १९८५ साली तो माँत्रोला परत गेला, तेव्हा मात्र टाळ्या. पुढे दोन्ही मैफली एकत्र प्रसिद्ध झाल्या. पहिलीतली हुर्यो त्यात तशीच ऐकू येते. कुणी पुसली नाही, हे बरं केलं. स्टीव्हीला फार आयुष्य मिळालं नाही. २७ ऑगस्ट १९९० रोजी विस्कॉन्सिनमधल्या मैफलीनंतर हेलिकॉप्टर कोसळून तो गेला, वयाच्या ३५व्या वर्षी.

आता ऐकू या ‘टेक्सास फ्लड’ हेच गाणं, गोदामातल्या सतरंजीवर बसून वाजवलेलं. पाच मिनिटांहून थोडं जास्त आहे. रेडिओचा आवाज जरा वाढवा. शेजारी कुरकुरले तर कुरकुरू देत.