घोटही घेतला नाही, तरी गुन्हा होतो का?

समजा, तुमच्या ग्लासात कुणीतरी गुंगीचं औषध टाकलं. तुम्हाला संशय आला, तुम्ही घोटही घेतला नाही. मग तक्रार कशाची करायची?

टाकण्याचीच! ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा कायदा बघा. अपाय व्हावा या हेतूने, नकळत नशेचा पदार्थ घातलेलं पेय किंवा अन्न कुणाला नुसतं दिलं, तरी २ वर्षांपर्यंत कैद. समोरच्याने ते प्यायलाच हवं असं नाही. आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याच कलमातलं पुढचं पोटकलम: त्या माणसाच्या अपेक्षेपेक्षा जास्त दारू गुपचूप घालणं, हेही त्यातच येतं. म्हणजे औषधच लागतं असं नाही. 'गंमत म्हणून जरा स्ट्राँग केलं' म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

इंग्लंडमध्ये २००३ चा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आहे. लैंगिक कृत्यासाठी शुद्ध हरपावी म्हणून कुणाला नकळत काही पाजलं, तर पुढे काही घडलं नसलं तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा.

आता औषधांकडे येऊ. १९८२, शिकागो. दुकानात विकायला ठेवलेल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं. ७ माणसं गेली. डोकं दुखतं म्हणून, ताप आहे म्हणून गोळी घेणारी साधी माणसं! कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खुनाचा आरोप आजवर कुणावरही सिद्ध झालेला नाही.

पण त्याच वर्षी अमेरिकेत अशा औषधांना छेडछाड लगेच दिसेल असं वेष्टन सक्तीचं झालं. बाटलीच्या तोंडावरचं ते सील तेव्हापासूनचं. १९८३ मध्ये तिथे मालात अशी भेसळ करणं हाच स्वतंत्र केंद्रीय गुन्हा ठरला. कुणी दगावण्याची अट नाही, नुसता प्रयत्नही पुरे. भेसळ झाल्याची खोटी आवई मुद्दाम उठवली, तरी शिक्षा आहे.

कायदा असला तरी पुरावा लागतो, आणि इथे वेळ फार थोडा असतो. पेयात गुपचूप घातलं जाणारं जीएचबीसारखं गुंगीचं द्रव्य लघवीतून साधारण १२ तासांत नाहीसं होतं. त्यामुळे चक्कर, भान सुटणं, थोड्याच दारूत भलतीच नशा असं काही झालं, तर एकटे राहू नका, लगेच दवाखाना गाठा. संशयाचं कारण डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रक्त-लघवीचे नमुने घ्यायला लावा. उरलेलं पेय ओतू नका, ग्लास धुऊ नका. आणि नमुना किती वाजता घेतला, ते कागदावर लिहून मागा.